आमची वाटचाल : स्पूल टेपपासून तबकडीपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात पुण्यातील घराघरांत पडून असलेल्या स्पूल टेपांपासून झाली. खासगी बैठकी टेप करून ठेवण्याची हौस या शहराला जुनी आहे. पुढे टेपा राहिल्या आणि त्या वाजवणारी यंत्रे बंद पडली. ती दुरुस्त करून जुने ध्वनिमुद्रण डिजिटल स्वरूपात उतरवून देणे हे आमचे पहिले काम, आणि दुकानाचे भाडे आजही त्याच कामातून निघते, हे आधीच सांगितलेले बरे.

पुनर्प्रकाशनाचा विचार मनात येण्याचे कारण मुंबईचे चरणजीत सिंग. सिंथेसायझरवर वाजवलेल्या रागांची त्यांची १९८२ची रेकॉर्ड २०१० साली नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि इथे जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या त्या संगीताला जगभर श्रोते मिळाले. त्यामुळे एका निवृत्त अभियंत्याने सत्तरच्या दशकात स्वखर्चाने काढलेल्या, मोजक्याच प्रती असलेल्या रेकॉर्डची मूळ टेप आमच्याकडे आली तेव्हा ती नुसती उतरवून परत करणे आम्हाला पटले नाही.

त्या रेकॉर्डवर बंदिश नाही आणि तालही नाही. तंबोऱ्याच्या एका आवर्तनाची टेप दोन यंत्रांवर एकाच वेळी चालते, यंत्रांच्या वेगातील किंचित फरकामुळे दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि त्या सरकण्यातूनच नवे स्वर ऐकू येऊ लागतात. संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ साली अमेरिकेत बोललेल्या शब्दांवर हाच प्रयोग केला होता. असले संगीत परके वाटते, अशी तक्रार करणाऱ्या आमच्या शास्त्रीय संगीताच्या ग्राहकांना आम्ही एवढेच सांगतो की, मिनिमलिझमचे, म्हणजे थोड्याच स्वरांच्या पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या अशाच संगीताचे, दोन आद्य संगीतकार, ला माँट यंग आणि टेरी रायली, १९७०पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकत होते.

खरी परीक्षा तबकडी कापताना, म्हणजे तिच्यावर ध्वनीची खाच कोरताना, झाली. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डाव्या आणि उजव्या आवाजाच्या दोन वाहिन्या असतात; एका वाहिनीतील लहर वर असताना दुसरीतील खाली असली, तर खाच आडवी न डोलता खोल-उथळ होते आणि खालच्या स्वरांत हा फरक मोठा असला तर सुई उडते. म्हणून साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा ध्वनी दोन्ही वाहिन्यांत सारखा करून टाकण्याची कापणाऱ्यांची पद्धत असते. आमच्या टेपवर खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास होती आणि दोन वाहिन्यांतील फरक हाच त्या रचनेचा प्राण होता. तो पुसला असता तर शिल्लक राहिला असता एक साधा तंबोरा. तंबोऱ्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा उपस्वरांचा जोर अधिक असतो, हे आमच्या पथ्यावर पडले. कापणाऱ्या तंत्रज्ञांशी बराच खल करून आम्ही ती मर्यादा खर्जाच्या खाली नेली आणि त्या बदल्यात एकूण आवाज कमी ठेवणे स्वीकारले.

आवाज कमी ठेवला की तबकडीची स्वतःची खरखर वर येते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांपेक्षा लांबली तरी आवाज उतरवावाच लागतो; त्यामुळे ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्या काढाव्यात, असा सल्ला मिळाला होता. ध्वनीच्या दृष्टीने तो योग्यच होता, परंतु त्यात रचनेचे चार तुकडे झाले असते आणि ज्या संगीतात काही घडण्यासाठी श्रोत्याला थांबावे लागते, ते दहा मिनिटांनी उठून उलटायला लावणे आम्हाला मान्य नव्हते. टेपवरील टिकटिक काढणारे सॉफ्टवेअरही आम्ही बाजूला ठेवले, कारण जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याची तार घोडीला घासून उठणारा, झणत्कार आणि ती टिकटिक यांतील फरक त्याला कळत नव्हता. ते काम कानाने, एकेक ठिकाण शोधून करावे लागले. रंगीत तबकड्यांची मागणी आली तेव्हाही आम्ही साध्या काळ्या व्हिनाइलवरच ठाम राहिलो, आणि रंगीत तबकडी भिंतीवर लावण्यासाठी अधिक शोभते हे माझे मत अजून बदललेले नाही.

करार संगीतकारांशी, म्हणजे त्या निवृत्त अभियंत्यांशी, थेट केला. मोबदल्याबरोबरच मूळ टेपची मालकी त्यांच्याकडेच राहील, असे त्यात लिहिले आहे आणि पुढचे सर्व करार आम्ही त्याच नमुन्यावर करतो. प्रती बहुतांशी परदेशात गेल्या. पुण्यात ज्यांनी घेतल्या त्यांतील अनेकांना तंबोरा जुळवता येतो, आणि दोन यंत्रे नेमकी कुठे एकमेकांपासून सुटतात, यावर ते दुकानात येऊन वाद घालतात.