गाडीची शाकारणी

मृगाच्या आधी आमच्याकडे दोन छपरं शाकारायची असतात. एक घराचं, दुसरं गोठ्याचं. गोठ्यात बैल नाहीत. तिथं डॅटसन २४०झेड उभी असते. दापोली तालुक्यात, समुद्राची गाज माजघरात ऐकू येते अशा घरी दोनच माणसं बसतील अशी जपानी स्पोर्ट्स कार आली कुठून, हे प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. तेव्हा इथंही सांगून टाकतो.

आमचे भाऊकाका नैरोबीला हिशेबनीस होते. १९७३च्या ईस्टरच्या सुट्टीत ते सफारी रॅली, म्हणजे तिकडची कच्च्या रस्त्यांवरची मोटारींची शर्यत, बघायला रस्त्याकडेला उभे राहिले. त्या वर्षी शेखर मेहता, युगांडात जन्मलेला गुजराथी वळणाच्या नावाचा पोरगा, २४०झेड चालवत होता. शेवटी त्याचे आणि एका स्वीडिश चालकाचे उशिराबद्दलच्या दंडाचे गुण सारखे झाले. तो स्वीडिशही डॅटसनवरच. मग जास्त वेळ दंडाशिवाय कोण राहिला ते बघून मेहताला विजयी ठरवलं. पुढे १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं तोच जिंकला, म्हणजे एकूण पाचदा. काका ही गोष्ट दर गणपतीत सांगायचे आणि दर वर्षी त्यातला चिखल वीतभर वर चढायचा. देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी तशीच गाडी घेतली आणि १९७६ साली शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि ही गाडी असं सगळं बोटीनं मुंबईला उतरवलं.

जपानात ही गाडी १९६९मध्ये आली ती ‘फेअरलेडी झेड’ या नावानं. अमेरिकेत डॅटसनचा कारभार बघणाऱ्या युताका काटायामांना ते नाव काही पटलं नाही, म्हणून तिकडे नुसता आकडा आणि झेड लावून ती विकली. आमच्या काकूनं दोन्ही नावं बाजूला सारली. ती तिला ‘नैरोबीवाली’ म्हणते.

काका दर रविवारी अंघोळ करून गोठ्यात जायचे, गाडी सुरू करायचे, पाच मिनिटं जागेवरच घुरघुरू द्यायचे आणि बंद करायचे. रस्त्यावर काढायचे नाहीत. जांभा दगडाचा रस्ता, खड्डे, बैलगाड्या. जिवापाड जपणं म्हणजे काय ते मी त्या रविवारी बघितलं, आणि सायलेन्सर आतून का कुजला तेही पुढे त्यातूनच कळलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. गाडी वीसेक मिनिटं रस्त्यावर धावली तर नळकांडं तापून ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत बंद केली तर आतच साचतं. म्हणजे दर रविवारी काका त्या गाडीला प्रेमानं पाणी पाजत होते.

काका गेल्यावर गाडी तशीच राहिली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतल्या सुपारी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. गोठ्याची नळीची कौलं कुठे गेली ते अजून माहीत नाही. चार दिवस वीज नव्हती, फोन नव्हता, आणि उघड्या आभाळाखाली नैरोबीवाली भिजत उभी. तिच्या टपावर फणसाची फांदी आडवी पडलेली. काकू अंगणातून म्हणाली, “तिच्यावर काहीतरी घाल रे.” घरावरही कौलं नव्हती, तरी हे म्हणाली.

अशा रीतीनं मी यात पडलो. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. आंब्याच्या पेट्या बांधणारा माणूस मी.

गंज म्हणजे काय ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना शिकवावं लागत नाही. बिजागऱ्या, विळ्या, देवघराची कडी, सगळं दर वर्षी थोडं थोडं मिठाला द्यायचंच असतं. पण या गाडीचा गंज वेगळा. त्या काळच्या जपानी पत्र्यावर गंजरोधाची फारशी मेहनत घेतलेली नसायची, आणि पाणी साचायच्या जागा मात्र भरपूर. वायपरच्या खाली एक पन्हळ आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी तिथं जमून नळीनं खाली उतरावं अशी योजना. त्या पन्हळीत मला आंब्याचा वाळका मोहोर, माकडांनी टाकलेल्या कोयी आणि एक मेलेली पाल मिळाली. वर ओला केर साठला की खालचा पत्रा गेलाच. बॅटरीच्या तबकाखाली तर हात आरपार गेला. पायाखालच्या पत्र्यावर गालिचा होता म्हणून तो आहे असं वाटत होतं. गालिचा उचलला आणि शेणानं सारवलेली जमीन दिसली.

पत्रा खेडहून आणला. जोडायला हर्णै बंदरावरचा एक वेल्डर पोरगा मिळाला. त्याचं रोजचं काम मासेमारी बोटींचं, त्यामुळे त्याची पहिली सूचना, “दादा, जाड पत्रा घालू. बुडणार नाही.” त्याला बारीक काम करायला लावणं हे गाडीपेक्षा मोठं काम होतं. पण जमिनीचे दोन्ही पत्रे त्यानं असे बसवले की खालून बघणाऱ्याला जोड सापडू नये.

त्याच्याच हातून सुटली ती मागच्या चाकांची पिन. ही गोष्ट मी लग्नकार्यातही सांगतो. मागच्या प्रत्येक चाकाच्या खालच्या आडव्या दांड्यातून बोटभर जाडीची एक लांब पिन आरपार जाते, आणि मधोमध एक छोटा निमुळता बोल्ट तिला अडकवून ठेवतो. सांध्यातल्या रबरी बुशी बदलायच्या तर ती पिन निघालीच पाहिजे, आणि जगभर कुठेही ती सहज निघत नाही. तीन आठवडे रॉकेल पाजलं. जाड हातोडा मारला आणि टोकावरचे आटे मशरूमसारखे पसरले. मग पोरानं गॅस लावून भोवतालचं बीड लाल केलं, वरून पाणी मारलं, पुन्हा तापवलं, पुन्हा पाणी. चौथ्या वेळी कुठेतरी आत ‘टक्’ असा आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. नंतर ती पिन निघायला दोन तास लागले, पण निघणार हे त्या ‘टक्’नं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या बाजूची मात्र शेवटी कापावीच लागली.

नट-बोल्टांचा गंज काढायला काकूनं बिंबलं सुचवली. पितळेची समई ती बिंबलांनी घासते, तसं हे. आंबट रसात बोल्ट रात्रभर टाकले, सकाळी चांदीसारखे निघाले. मी ते ऐटीत ओट्यावर वाळत ठेवले आणि दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा नारिंगी. आंबटपणा पुरता जाईपर्यंत सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच तेल लावायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. “मी समई लगेच पुसते,” एवढंच म्हणाली.

इंजिन त्यामानानं शहाणं निघालं. सहा सिलिंडर एका ओळीत, २३९३ सीसी. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४, तो मी पाढ्यासारखा पाठ केलाय. अडचण होती ती पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या दोन कार्बोरेटरची. आताच्या पोरांनी कार्बोरेटर पाहिलेला नाही. अखेर चिपळूणचे एक चाचा सापडले. त्यांनी आयुष्यभर ॲम्बेसिडर टॅक्सी सांभाळल्या. बॉनेट उघडून हसले. “ही तर आपलीच!” जुन्या ॲम्बेसिडरला एसयू जातीचा कार्बोरेटर असायचा, आणि डॅटसनचे हिताची बनावटीचे दोन्ही त्याच घराण्यातले. वरच्या घुमटात पातळ तेल घालायचं, नाहीतर पिस्टन उड्या मारतो. ते तेल कुणी, केव्हा शेवटचं घातलं होतं कोण जाणे. मग चाचांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आळीपाळीनं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि हवेच्या फुसफुशीवरून दोन्ही एका सुरात आणले. कानानं. मी पैसे देऊ लागलो तर म्हणाले, “आधी एक फेरी मारून आण.” फेरीत चाचा पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते.

आता यातली खरी गंमत. कागदोपत्री याला रिस्टोरेशन म्हणतात. शब्द ऐकला की वाटतं, एकदा केलं की झालं, आता रंगीत फोटो काढून भिंतीवर लावा. कोरड्या मुलखात होत असेल तसं. आमच्या तालुक्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. माझी गाडी ‘पूर्ण’ झाली त्या महिन्यात डाव्या दाराच्या खालच्या कडेला पहिला फोड आला. वैतागून वेल्डर पोराला दाखवला. त्यानं बंदराकडे बोट केलं. जूनपासून मासेमारी बंद, सगळ्या होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या. “आम्ही काय दर वर्षी नवीन बोट बांधतो?” म्हणाला. मला तो शब्द आवडला. तेव्हापासून मी गाडी शाकारतो.

पहिल्या वर्षी होडीवाल्यांचंच ऐकून खालून मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल फासलं. लाकडी होड्यांना पूर्वापार लावतात. गंज खरंच थांबला. पण पाखाडीवरची सगळी मांजरं गोठ्यात राहायला आली आणि काकूनं महिनाभर माझ्याशी बेताचंच बोलणं ठेवलं. आता पोकळ नळ्यांत मेण फवारतो. समुद्राकाठच्या रस्त्यानं फिरवून आणली की विहिरीच्या गोड्या पाण्यानं पोट धुतो. पन्हळ दर आठवड्याला बोटानं साफ. पावसाळ्यात प्लॅस्टिक घालत नाही, त्याखाली ती घामेजते. साधी जुनी धोतरं घालतो, काकांचीच आहेत. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल, आणि ते हवेतली ओल ओढतं, जुनं रबर खातं. म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या आणि टाकी पावसाळ्यात काठोकाठ भरून ठेवतो, आत हवेला जागा नको.

सरकारी नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेली गाडी आता व्हिंटेज. रोजच्या कामाला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. आमचा पंप बारा किलोमीटरवर, वाटेत दोन घाट. दसऱ्याला झेंडूची माळ घातली की मला फार वेळा पेट्रोल भरावं लागतं.

यंदा मेअखेरीला शिडी लावून गोठ्यावर चढलो होतो. माकडांनी सरकवलेली कौलं एकेक करून बसवत होतो, खाली गाडीवर धोतर घातलेलं. दोन सरी येऊन गेलेल्या. काकू अंगणात येऊन वर बघत उभी राहिली.

“झालं का तिचं?”

“शेवटची ओळ राहिलीय.”

“मग सावकाश ये. स्वैपाकघरात चुलीवर गळतंय, तपेलं लावलंय मी.”