इंग्रजी आठ

‘शाळेनं मला काय दिलं’ या विषयावर दोन पानं लिहून पाठवा, असं अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. शाळेनं बरंच दिलं. गणित दिलं, त्यावर पोट भरलं. पण पत्र हातात घेतल्यापासून डोळ्यांपुढं ड्रिलचे सर सोडून दुसरं कुणी उभंच राहीना. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ असतील.

सरांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडं ‘ड्रिलचे सर’ म्हटलं की विषय संपला.

१९८१ साली मी पाचवीत आलो. पाचवीत तेव्हा दोन गोष्टी नव्यानं सुरू व्हायच्या, इंग्रजी आणि लाठी. इंग्रजी चौथ्या तासाला, लाठी शाळा भरायच्या आधी, सकाळी साडेसहाला. आम्ही कोल्हापूरच्या पेठेतली पोरं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघतच मोठे झालो. दांडपट्ट्यानं लिंबू कापताना बघितलं की दोन रात्री झोप लागायची नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी आपल्या हातात निदान एखादी तलवार तरी येणार, या हिशेबानं मी केस विंचरून गेलो होतो.

सरांनी फक्कीनं जमिनीवर चौकोन आखले आणि एकेकाला एकेका चौकोनात उभं केलं. एक पाय पुढं, एक मागं. गुडघे जरा मोडलेले. भार चवड्यांवर, टाच टेकली न टेकली अशी. याला पवित्रा म्हणतात, एवढं सांगितलं आणि शिट्टी वाजवली. पुढं या, मागं जा, कोपऱ्यावर वळा. हात कमरेवर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अठरा दिवस हेच चाललं, मी मोजलेत. तेवढ्यात महाभारत उरकलं होतं, आमच्या हातात अजून काठी आली नव्हती. निम्मी पोरं गळाली. मी का टिकलो? घर मैदानाला लागून होतं आणि आईला सहाला उठवायची सवय होती. यात माझी काही थोरवी नाही.

एकानं धीर करून विचारलं, “सर, काठी कधी?”

“हात काय रे, भ्यालं की आपोआप हलतो. पाय भ्यालं की खिळतो. आधी पाय.”

मग एका शनिवारी वेळूचा भारा आला. भरीव, जवळजवळ पेरांचा. सर प्रत्येकाला भिंतीशी उभं करून माप घेत. जमिनीपासून कानाच्या पाळीपर्यंत लाठी, त्याहून लांब नको. माझ्या वाट्याला आलेली मधेच वाकडी निघाली. मी तोंड पाडलं. सरांनी पालापाचोळा पेटवून तिचं ते पेर धगीवर धरलं, गुडघ्याला लावून हळूहळू दाबत सरळ केलं आणि वरून तेलाचा बोळा फिरवला. तो करपलेला डाग आजही माझ्या लाठीवर आहे. लाठीही तीच आहे, फक्त आता ती माझ्या छातीपर्यंतच येते.

नवशिक्याच्या दोन खोडी असतात. एक, तो लाठी आवळून धरतो. दुसरी, तो लाठीकडंच बघतो. आवळली की मनगट फिरत नाही, खांदा फिरतो आणि आठवड्यात तळहाताला फोड येतात. लाठीकडं बघितलं की समोरचा दिसत नाही. सर मागून येऊन हनुवटी वर करायचे आणि म्हणायचे, “धरू नको. हातात नुसती ठेव.” हे वाक्य ध्यानात असू द्या, पुढच्या प्रकाराला तेच कारणीभूत आहे.

दोन लाठ्यांचं अंतर सोडून आम्ही चाळीस जण उभे होतो. पहिली फिरकी शिकायची होती. एका हातानं, अंगाच्या दोन्ही बाजूंनी, मनगटातून. सर ओट्यावरून म्हणाले, “हवेत आठचा आकडा काढायचा. सुरू!”

आम्ही मराठी शाळेतली पोरं. आठचा आकडा म्हटल्यावर आम्ही ८ काढला. आता हा आपला आठ बघा. वरून तिरका खाली उतरतो, वळतो आणि उजवीकडं शेपूट सोडून चालता होतो. इंग्रजी आठ फिरून पुन्हा आपल्याच पोटात येतो. चाळीस लाठ्या एकदम खाली आल्या आणि शेपटाबरोबर उजवीकडं गेल्या. बाकीच्यांनी आवळून धरल्या होत्या म्हणून वाचले. मी एकटा आज्ञाधारक, लाठी नुसती ठेवलेली! ती सुटली, व्हरांड्याच्या कठड्यावरून आत गेली आणि तिवईवरच्या माठात बसली. शिक्षकांच्या खोलीसमोरचा तो मोठा माठ. पाणी पायऱ्यांवरून मैदानात उतरेपर्यंत कुणी हललं नाही.

मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांचा दरारा जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. “कुणी फोडला?”

माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. सर ओट्यावरून उतरले, शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, “मी. आठ काढा म्हणालो, कुठला ते सांगायचं राहिलं.” मग आमच्याकडं वळून, “इंग्रजी आठ रे लेकांनो, इंग्रजी! शिकवलाय का नाही अजून?” मुख्याध्यापक हसताना मी शाळेत तेवढेच एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला नवा माठ सरांच्या सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधून आला. पैसे त्यांचेच. मला मात्र महिनाभर तो भरायचं काम लागलं. सिनेमात असतं तर पाणी वाहून माझी मनगटं तयार झाली असती. प्रत्यक्षात रोज चड्डी ओली व्हायची, एवढंच. पण घरी शाळेतून निरोप गेला नाही. माझ्या वडिलांचा हात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची किंमत कळेल.

सरांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातलं. १९१४ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं. हे सर अशा थाटात सांगायचे की स्वतःच बोटीत बसून गेले होते असं वाटावं. तेव्हा त्यांचा जन्म तरी झाला होता का, शंका आहे.

सहावीत जोडी लागली. सर पुकारायचे, “शीर! तमाचा! बाहेरा!” शीर म्हणजे डोक्यावरचा वार, तमाचा आणि बाहेरा कानांच्या अंगाचे. एकानं मारायचा, दुसऱ्यानं अडवायचा, तोही इतक्या सावकाश की बघणाऱ्याला वाटावं झोपेत चाललंय. माझ्या मुलीनं पुण्यात कराटे शिकताना पट्ट्यांचे रंग भराभर पालटले. आम्हाला ना पट्टा, ना प्रमाणपत्र. सर स्वतः आपली लाठी घेऊन समोर उभे राहिले की समजायचं, आपण पुढच्या वर्गात गेलो. माझ्यासमोर ते आठवीच्या दिवाळीनंतर उभे राहिले. पहिलाच तमाचा मी अडवला. दुसरा कानावर आला.

दांडपट्ट्याला त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. फक्त खंडेनवमीला कपाटातून पट्टा निघायचा आणि तो पुसायचं भाग्य मला दोनदा लाभलं. लवलवणारं लांब पातं, मुठीवर कोपरापर्यंतचा खोबळा. हात आत गेला की मनगट वळतच नाही, सगळं खांद्यातून आणि पायांतून. तेव्हा कुठं ते अठरा दिवस कशाला होते ते कळलं. २०२४मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं, ती बातमी वाचून मी सरांच्या घरी फोन लावला. सर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, हे मला त्या फोनवर कळलं. अधिक लिहीत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी बावीस मुलं लाठी शिकतात, त्यात नऊ मुली. यंदाच्या १९ फेब्रुवारीला आमचं पथक मिरवणुकीत होतं. चार गल्ल्यांतल्या लोकांनी थांबून पाहिलं. मोठेपणा वाटला तर वाटो. पण २०२२मध्ये पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता, केरळचं कळरीपयट्टू आणि आपला मल्लखांब यांना जागा मिळाली, आपली लाठी आणि पट्टा बाहेरच राहिले, याचं वाईट वाटतं.

मागल्या मे महिन्यात शाळेत डोकावलो होतो. आमच्या चौकोनांच्या जागी पेव्हर ब्लॉक आलेत. चिखल होत नाही, मान्य. पण त्यावर लाठीची टोकं फुटतात आणि चवडा रुतत नाही. निदान ओट्यासमोरची चाळीस पोरांची जागा तरी मातीची ठेवायला हवी होती. कुणाला विचारायचं, कळलं नाही.

समारंभाला मी लाठी घेऊन येतो आहे. माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम मैदानावर आहे असं पत्रिकेत वाचलं. माठाच्या जागी आता काचेच्या दाराचा वॉटर कूलर आहे, तो त्या दिवसापुरता आत सरकवून ठेवावा, ही समितीला नम्र विनंती.