दोन शेपट्या, एकच नखी

कुल्लूजवळ बियासला मिळणाऱ्या एका ओढ्यातल्या कीटकांचे नमुने तपासायला घेतले, तर नोंदवहीत पानभर ‘पर्लिडी’. म्हणजे स्टोनफ्लाय या कीटकाच्या एका कुळाचे निम्फ (पाण्यात वाढणारी पिल्लं): चपटे, दोन शेपट्यांचे. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाला तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन, हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि तिथंच घात होतो. एपिओरस ही मेफ्लाय, पण तिला शेपट्या दोनच. हिमालयातल्या गार, खळाळत्या पाण्यात ती हमखास सापडते.

खात्री कल्ल्यांवरून होते. एपिओरसचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना, पानांसारखे. पर्लिडीचे छातीखाली पायांच्या बुडाशी, झुबक्यांसारखे. या बाटल्यांत मात्र कल्ले जवळजवळ उरलेच नव्हते. बाटल्या वाळूने गळ्यापर्यंत भरलेल्या. अल्कोहोलमध्ये कीटक ठिसूळ होतो, आणि घाटातल्या जीपमध्ये ती वाळू जात्यासारखी फिरते.

हे टाळायला सर्बर जाळीतला, म्हणजे ओढ्याच्या तळावरचे कीटक धरणाऱ्या जाळीतला, माल आधी बादलीत घ्यायचा, पाणी घालून गोल ढवळायचा आणि वर तरंगणारं 500 मायक्रॉनच्या चाळणीवर ओतायचं. असं चार-पाच वेळा. उरलेली वाळू फेकण्याआधी पांढऱ्या ट्रेमध्ये बघायची, कारण खड्यांचं घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी जड असते, तळाशीच राहते. बाटली अर्ध्याहून कमी भरायची, वर 95 टक्के अल्कोहोल. ओल्या मालातल्या पाण्याने ते पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायचं. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर झाल्यावर एवढं करायला कुणी राजी नसतं. समजतं, पण पटत नाही.

शेवटी पाय धरले. सूक्ष्मदर्शकाखाली 40 पट मोठं करून टोक पाहायचं: मेफ्लायच्या पायाला एक नखी, स्टोनफ्लायच्या पायाला दोन. पाय शाबूत होते त्यांतल्या बहुतेकांना एकच.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. ही चूक ओढ्याची प्रकृती मोजणाऱ्या निर्देशांकांत दिसलीच नसती. ईपीटी, म्हणजे मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांची बेरीज; तीत दोन्ही धरतात. कोणतं कुळ प्रदूषण किती सोसतं त्यावरून गुण देणाऱ्या बीएमडब्ल्यूपीच्या तक्त्यात पर्लिडीला 10 गुण आणि एपिओरसच्या हेप्टाजेनिडी कुळालाही 10. ओढा ‘उत्तम’ ठरला असता आणि अहवाल मंजूर झाला असता. पण एपिओरस दगडावरचा शेवाळी थर खरवडून खाते, पर्लिडी शिकार करते. कागदावर त्या ओढ्यात नुसते शिकारीच होते; ते काय खातात, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याआधीच्या हंगामाच्या वहीतही पानभर ‘पर्लिडी’ आहे. त्या बाटल्या धुऊन पुन्हा वापरात घेतल्यात.