१ एप्रिलला इथे कोण राहत होतं?

२०२०च्या उन्हाळ्यात मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जनगणनेची प्रगणक होते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या वर्षी जनगणना होते आणि मोजणीचा दिवस असतो १ एप्रिल. फॉर्म पोस्टाने पाठवला नाही, ऑनलाइन भरला नाही, फोनवरही सांगितला नाही, अशा घरांच्या दारात आम्ही जायचं. मे महिन्यात सुरू व्हायचं हे काम करोनामुळे ऑगस्टवर गेलं.

आधीच सांगते, या कामाची शपथ जन्मभराची असते. एखाद्या घरी ऐकलेलं बाहेर फोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणून पुढे ज्या घराबद्दल लिहिते आहे त्याचा रस्ता, माणसांचा देश, आम्ही कोणत्या भाषेत बोललो, किती जण होते, यातलं काही लिहिणार नाही. ओळख पटेल असं जे होतं ते गाळलं आहे किंवा बदललं आहे. उरलं तेवढं मात्र अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा पट्टा जॅक्सन हाइट्सपासून एल्महर्स्ट आणि पुढे कोरोना नावाच्या वस्तीपर्यंत. रूझवेल्ट अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून लोखंडी पुलावर सात नंबरची गाडी धडधडत जाते. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर पटेल ब्रदर्स हे भारतीय किराणा दुकान आणि सोन्याची दुकानं, शेजारच्या रस्त्यावर बांगलादेशी किराणा आणि मासळी, मग तिबेटी-नेपाळी मोमोवाले, आणि ऐंशीच्या पुढे कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको. क्वीन्समधली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटे उठवले तेव्हापासून ही वस्ती भरत गेली. मीही त्याच कायद्यामुळे इथे पोचले.

कामाची यादी रोज सकाळी फोनवर यायची. घर आपण निवडायचं नाही, क्रमही आपला नाही. दार उघडलं नाही तर चिठ्ठी लावायची आणि पुन्हा जायचं. बऱ्याच खेपा झाल्या की शेजाऱ्याला, घरमालकाला किंवा इमारत सांभाळणाऱ्या सुपरला विचारायची मुभा असे. इथेच आमच्यातले काही जण हात झटकायचे. कुंपणापलीकडच्या म्हातारीने ‘तीन असतील’ म्हटलं की तीन टाकून मोकळे! मला त्याचा संताप यायचा. त्या म्हातारीला तळघरात उतरणारा जिना कधी दिसलाच नव्हता.

घर बाहेरून वाचायला मी पहिल्या आठवड्यातच शिकले. सरकारदरबारी दोन कुटुंबांचं घर, पण बेलची बटणं पाच, त्यातली तीन नंतर वायर ओढून लावलेली. टपालपेटीवर चिकटपट्टीवर लिहिलेली आडनावं, एकाखाली एक. जमिनीलगतच्या खिडकीत आतून लावलेला पडदा आणि एक्झॉस्ट पंखा. मागच्या बाजूला कामाचे बूट, सगळे वेगवेगळ्या मापांचे. पण हे सगळं दिसलं तरी फोनमध्ये टाकता येत नाही. समोरचं माणूस सांगेल तेच लिहायचं. हा नियम योग्यच आहे. प्रगणकाने अंदाज लिहायला सुरुवात केली तर मोजणी उरतच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अशाच एका घराच्या पायरीवर एक माणूस बसला होता. कामावरून आलेला, हातापायांना सिमेंट.

“कागदपत्रांचं आहे का?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मला दारोदार यायचा. नागरिकत्वाचा प्रश्न फॉर्ममध्ये घालायचा प्रयत्न झाला होता, जून २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. फॉर्मवर तो प्रश्न कधी आलाच नाही, पण त्याची भीती या रस्त्यांवर येऊन राहिली. त्यात २१ जुलै २०२०ला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की संसदेच्या जागा वाटताना विनापरवाना राहणाऱ्यांना आकड्यातून वगळा. आम्ही दारात उभे राहायच्या काही दिवस आधी! मी त्याला यादीच वाचून दाखवली: नाव, लिंग, वय, जन्मतारीख, नातं, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ आहे का, वंश, घर भाड्याचं की स्वतःचं, फोन नंबर. कागदपत्रांचं काही नाही, आणि हे पोलिसांना, घरमालकाला, इमिग्रेशनला, कुणालाही मिळत नाही.

“घरमालकालाही नाही?”

“नाही.”

यानंतर तो बोलायला लागला. मला वाटतं, त्याला भीती सरकारपेक्षा घरमालकाची जास्त होती. एकेक नाव सांगत गेला. कुणाचं फक्त टोपणनाव ठाऊक, कुणाचं गाव ठाऊक पण आडनाव नाही. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर आडवा होणार. नातं विचारलं की प्रत्येक वेळी एकच उत्तर: खोलीतला जोडीदार. मी टिपत गेले.

नावं झाली की एक ठरलेला प्रश्न वाचायचा असतो: १ एप्रिलला आणखी कोणी इथे राहत होतं का, जे सांगायचं राहिलं? लहान बाळ, दूरचा नातेवाईक, तात्पुरतं टेकलेलं कुणी? बहुतेक घरांत याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत ‘नाही’ येतं. उरकून टाकण्याची घाई दोन्ही बाजूंना असते.

तो गप्प राहिला. मीही थांबले.

“एक होता,” तो म्हणाला. “आता नाही.”

“कधीपर्यंत होता?”

“एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग अॅम्ब्युलन्स आली.”

त्या आठवड्यांत तिथे काय चाललं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. एल्महर्स्टच्या सरकारी इस्पितळात मार्चअखेरीस एका चोवीस तासांत तेरा माणसं गेली, बाहेर रांग, रात्रभर सायरन. घरात बसून काम करता येईल अशी नोकरी त्या वस्तीत फार थोड्यांची होती. स्वयंपाकी, सफाईवाले, बांधकामावरचे, डिलिव्हरीवाले, सगळे दाटीने राहणारे आणि रोज बाहेर पडणारे.

नियम स्पष्ट आहे. १ एप्रिलला जिवंत होता आणि इथे राहत होता, तर तो मोजायचा. मी तसं सांगितलं.

“मेलेला माणूसही मोजतात?”

“त्या दिवशी होता ना?”

तो उठून आत गेला. आतून आणखी दोघं आले. पूर्ण नाव कुणालाच येत नव्हतं. शेवटी गावी पैसे पाठवल्याच्या पावत्यांवरून ते मिळालं, मी अक्षर अक्षर उतरवलं. जन्मतारखेऐवजी अंदाजे वय. मग वंशाचा प्रश्न. जिवंत माणसंही या प्रश्नाला अडखळतात, लॅटिन अमेरिकेतली तर फारच. दिलेल्या चौकटींपैकी एकही त्यांना आपली वाटत नाही आणि शेवटी ‘इतर’वर बोट ठेवतात. २०२०मध्ये देशभर जवळपास ५ कोटी लोकांनी ‘इतर’ ही खूण केली, एकटी किंवा दुसऱ्या खुणेसोबत. या तिघांनी मात्र जोडीदारासाठी चक्क वाद घातला. एक म्हणाला, आपण जे लिहितो तेच लिहा. दुसरा म्हणाला, त्याची आई डोंगरातली होती, ती लोकं वेगळी, तो तसं अभिमानाने सांगायचा. मला काही सुचवायची परवानगी नव्हती, आणि मला सुचवायचंही नव्हतं. त्यांचं एकमत झालं ते मी लिहिलं. कुणाची नोंद इतक्या आस्थेने होताना मी दुसऱ्या दारात पाहिली नाही.

मी निघताना पहिला माणूस म्हणाला, “वरच्या मजल्यावरचाही एक गेला. मार्चमध्ये. त्याला घ्या.”

मार्चमध्ये म्हणजे घेता येत नाही.

“आठ वर्षं राहिला या घरात.”

मी नाही म्हटलं. कुठलाही दिवस धरला तरी आदला दिवस बाहेर राहणारच, हे मला कळतं. माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक. जनगणनेच्या शेवटच्या रात्री एसटी स्टँडवर झोपलेल्यांना मोजायला कंदील घेऊन जायचे. पहाटे गाडीने निघून गेलेल्याचं काय, असं मी विचारलं की म्हणायचे, रात्री होता तेवढं आपलं काम. त्यांना ते पेललं. मला त्या पायरीवर पेललं नाही.

पुढे मुदतीचा खेळखंडोबा झाला: ३१ ऑक्टोबर, मग ३० सप्टेंबर, मग न्यायालयं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १५ ऑक्टोबरला काम बंद. एप्रिल २०२१मध्ये मोजणीचा निकाल लागला. न्यूयॉर्क राज्याच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा २७वरून २६ झाल्या. आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर ती जागा राहिली असती. ८९! आमच्या पट्ट्यातल्या एका रस्त्याच्या तळघरांत तेवढी निघतील.

मग २०२२मध्ये, मोजणी किती बरोबर झाली याच्या तपासणीचे आकडे आले, आणि मी आणखी गोंधळले. देशभरात हिस्पॅनिक लोक जवळपास ५ टक्के कमी मोजले गेले. पण न्यूयॉर्क राज्य एकूण सुमारे साडेतीन टक्के जास्तच मोजलं गेलं! माझा तर्क असा, की ज्यांना दोन घरं ती माणसं दोनदा आली, आणि एका गादीवर दोघं ती एकदाही नीट आली नाहीत. हा माझा तर्कच, पुरावा नाही. पण तो खरा असेल तर शहराचा ८८,०४,१९० हा आकडा बघून खूश व्हायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०३०ला मी पुन्हा अर्ज करणार आहे. प्रशिक्षणात एकच मागणी लावून धरायची ठरवलं आहे: ‘आणखी कोणी?’ हा प्रश्न वाचल्यावर पुढच्या पानावर जायचं बटण काही सेकंद बंदच ठेवा. तेवढ्यात समोरचा काही बोलला नाही तर प्रश्न पुन्हा वाचायला लावा.