वहीत एक नाव, छापील पानावर दुसरं

"आमच्या छापील कुलवृत्तांतात पणजोबांच्या वडिलांचं नाव एक आहे आणि नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत दुसरंच. मग खरं कुठलं धरायचं?"

घराण्यांच्या जुन्या नोंदी शोधण्यात माझा वेळ जातो हे कळलं की लोक मला हेच विचारतात. कधी नावाऐवजी साल असतं, कधी मूळ गाव, कधी पणजीचं माहेर, पण प्रश्न तोच. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते, कारण एका वाक्यात उत्तर दिलं की दोनांपैकी एक नोंद कायमची खोडली जाते, आणि बहुतेक वेळा महत्त्वाची तीच असते.

खरं कुठलं, हे मी शेवटी ठरवते. आधी बघते की ही नोंद कुणी केली, कशासाठी केली आणि माहिती कुणी सांगितली. आपला वंशवृक्ष पुरा व्हावा म्हणून जुन्या काळी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. गावकामगाराला सारा कुणाकडून घ्यायचा ते हवं होतं. उपाध्यायांना हा यजमान आपलाच, याचा पुरावा हवा होता. 1852 सालच्या कायद्यानंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे ज्यांनी कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, दिल्या त्यांना आपलं इनाम वाचवायचं होतं, आणि ते पुढे चालायचं तर मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंत वंश सलग दाखवावा लागे. पुण्याच्या पुराभिलेखागारात अशा कैफियतींमधल्या वंशावळी वाचताना मी हे सतत मनात ठेवते. जिथे वंश जरा जास्तच सरळ उतरलेला दिसतो, तिथे दत्तक झाकला गेला आहे का, हे मी दुसऱ्या कागदात शोधते.

सातबारा आणि फेरफार यांच्यावर लोकांचा फार विश्वास असतो, कारण त्यावर सरकारी शिक्का असतो. जमिनीपुरता तो योग्यच आहे. पण भाऊ एकत्र राहत असतील तर थोरल्याचंच नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागे आणि धाकटे भाऊ कागदावर दिसतच नसत. मुलींचं तर विचारूच नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदीत मुलींची नावं नाहीत म्हणून त्या घरात मुलीच नव्हत्या, असं लिहिलेलं मी छापील पुस्तकांतही पाहिलं आहे, आणि दर वेळी जीव तुटतो. उलट याच फेरफारात 'अ.पा.क.' दिसलं तर थांबून वाचावं. अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचं नाव आलं असेल, तर नोंदीच्या दिवशी वडील हयात नव्हते आणि मुलगा सज्ञान नव्हता, या दोन्ही गोष्टी एका ओळीत हाती लागतात.

तीर्थक्षेत्राच्या वह्यांचं मोल वेगळं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, कुठेही गेलात तरी आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या कुळाचे उपाध्ये कोण ते कळतं. आलेला यजमान आपल्या हातानं बाप, आजा, भाऊ, मुलगे अशी नावं लिहून खाली सही करतो, म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा एकच. पण वही जीर्ण झाली की तिची नक्कल होते, नक्कल करणाऱ्याला जुनी मोडी नीट लागेलच असं नाही, आणि उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात. म्हणून पान दाखवलं की मी पहिल्यांदा विचारते, ही मूळ सही आहे की उतरवून घेतलेली?

या वह्यांमध्ये बायका सापडतात. कारण साधं आहे. श्राद्धाला बाप, आजा, पणजा जसे लागतात तशा आई, आजी, पणजीही लागतात, आईचे वडील-आजोबा लागतात, आणि तीर्थश्राद्धात सापत्न मातेलाही पिंड असतो. महालयाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, वाचायची नावांची यादी कित्येक घरांत एखाद्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली असते. माझ्या मते आपल्याकडचा हा सगळ्यात दुर्लक्षित कागद आहे.

आमच्याच घरचं सांगते. नावं देत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांची तशी इच्छा आहे. आम्ही मूळचे राजापूर तालुक्यातले, पुढे वाईला आलो. कुलवृत्तांतात आमच्या खापरपणजोबांना एक पत्नी आणि चार मुलगे दाखवले आहेत. नाशिकच्या वहीत थोरल्यानं, म्हणजे माझ्या पणजोबांनी, आईचं नाव वेगळं लिहिलं आहे. घरातले म्हणत, उपाध्यायांच्या वहीत घोटाळा आहे. पण मला कुलवृत्तांतातच एक गोष्ट खुपत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या जन्मसालात नऊ वर्षांचं अंतर होतं, बाकी सगळी भावंडं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं. मग त्याच वहीत धाकट्या भावाची नोंद मिळाली. त्यानं माता म्हणून कुलवृत्तांतातलं नाव लिहिलं होतं आणि सापत्न माता म्हणून माझ्या पणजोबांच्या आईचं. दोन्ही भाऊ खरं लिहीत होते, ज्यानं त्यानं आपापल्या आईचं नाव दिलं होतं. कुलवृत्तांताच्या संपादकांनी पोस्टानं प्रश्नपत्रकं पाठवली होती, ती धाकट्या पातीनं, म्हणजे धाकट्या शाखेनं, भरून दिली आणि त्यांना ठाऊक असलेली एकच आजी त्यात आली.

पहिली बाई दोन लहान मुलगे मागे ठेवून गेली होती. तिच्या वंशातले आम्ही सगळे तिला ओळखतही नव्हतो आणि वर दुसरीचं नाव पणजीची सासू म्हणून सांगत होतो. वहीतली नोंद 'चूक' म्हणून बाजूला टाकली असती तर ती बाई पुन्हा एकदा पुसली गेली असती. तिचं माहेर मी अजून शोधते आहे. लग्नानंतर नाव बदलत असल्यामुळे ते काम अवघड आहे. सासरच्या कागदात एक बाई, माहेरच्या कागदात दुसरी, आणि दोघी एकच हे सांगणारं माणूस आता उरलेलं नाही.

सालांचा गोंधळ बऱ्याचदा याहून सोपा निघतो, पण माणसं त्यावरून भांडतात. पानिपतची लढाई झाली तो दिवस घ्या, 14 जानेवारी 1761. त्या दिवशी शके 1682 होतं, आणि जुन्या कागदांत येणाऱ्या आणखी दोन कालगणनांप्रमाणे शुहूर सन 1161 आणि फसली 1170. शकात डोळे मिटून 78 मिळवले तर 1760 येतं, कारण गुढीपाडव्याआधीच्या जानेवारी-मार्चसाठी 79 मिळवावे लागतात. शुहूर आणि फसली दोन्ही मृगाच्या सुमाराला बदलतात आणि त्यांच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. दोन कागदांत नेमकं नऊ वर्षांचं अंतर दिसलं की मी आधी हेच तपासते. शाळेच्या दाखल्यावरच्या 1 जून या जन्मतारखेबद्दल महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. घरची आठवण मात्र तिथीच्या बाबतीत फार पक्की असते. साल कुणालाच आठवत नाही, पण श्राद्धाची तिथी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली असते. म्हणून मी तिथी घरातून घेते आणि साल कागदातून.

आणखी एक बारीक गोष्ट, पण फार उपयोगी. बाईच्या नावामागे सौ. आहे की गं.भा., हे बघा. एका नोंदीत सौ. आणि चार वर्षांनंतरच्या नोंदीत गं.भा. असेल, तर नवऱ्याच्या मृत्यूचं साल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मृत्यूची नोंद न सापडलेल्या माणसांची सालं मी अशी लावली आहेत.

नोंदी तोलायच्या कशा, याचं आपल्या सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण शिवजन्माच्या तारखेचं. बखरींच्या आधारानं 1627 हे साल बराच काळ रूढ होतं. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. समकालीन 'शिवभारत' काव्यातही तीच तिथी आली, आणि राजस्थानात सापडलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातल्या महाराजांच्या कुंडलीनंही तिला दुजोरा दिला. पुढे महाराष्ट्र शासनानं हीच तारीख मान्य केली. मावळातलं एक देशमुख घराणं आणि राजस्थानातला एक ज्योतिषी यांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही, म्हणून त्यांचं जुळणं वजनदार. बखरी मात्र घटनेनंतर कितीतरी काळानं लिहिलेल्या, आणि एकीनं दुसरीवरून घेतलेल्या. घराण्यांच्या बाबतीतही असंच होतं. तीन पुस्तकांत एकच नाव आहे असं कुणी सांगितलं की मी बघते, दुसऱ्या दोन पुस्तकांनी ते पहिल्यातूनच उचललं आहे का. तसं असेल तर साक्षीदार एकच.

आता तुमच्या पणजोबांच्या वडिलांकडे येते. वडिलांचं नाव दोन ठिकाणी दोन असेल, तर माझा पहिला संशय दत्तकावर जातो. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचे जन्मदाते वेणगावचे माधवराव नारायण भट. 1827 मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतलं. एका कागदात त्यांचे वडील माधवराव मिळतील, दुसऱ्यात बाजीराव, आणि दोन्ही कागद खरे. म्हणून तुमच्या वहीतली नोंद कोणत्या सालची आहे ते पाहा. त्याच घराण्याच्या दुसऱ्या पातीत, वहीत लिहिलेल्या नावाच्या माणसाचा एखादा मुलगा अचानक गायब होतो का, तेही पाहा. एका घरातून मुलगा नाहीसा होतो आणि निपुत्रिक चुलत्याच्या घरी त्याच सुमाराला उगवतो, असं मी कितीतरी वंशावळींत पाहिलं आहे.

दत्तक नसेल तर नावाकडे वळा. पाळण्यातलं एक, व्यवहारातलं दुसरं आणि गावात सगळे हाक मारत ते तात्या किंवा आबा, अशी एकाच माणसाची तीन नावं असत. मुलं जगत नाहीत म्हणून धोंडू किंवा दगडू ठेवलेलं नाव पुढे कागदावर तसंच राहिलेलं असतं. आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या चालीमुळे महादेव केशव, केशव महादेव, पुन्हा महादेव केशव अशी रांग लागते. तिच्यातल्या दोन पिढ्या एकीत मिसळून जातात. वर्षांचा हिशोब घातला की हे उघडं पडतं. एका पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षं धरा. कुणी नवव्या वर्षी बाप झालेला दिसला, तर मधे एक माणूस हरवलेला आहे.

आडनावही तपासा. नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू, आणि पेशवे श्रीवर्धनचे भट. हुद्दा आडनाव होऊन बसला की दोन भावांची घराणी वेगळ्या आडनावांनी चालू राहतात आणि उपाध्यायांच्या वहीत ती जुन्याच आडनावाखाली असतात. कोल्हापूर, सांगलीकडचे असाल तर तुमच्या गावात हेळवी येतात का ते विचारा. बैल घेऊन दारी येणारे हे लोक घराण्याची वंशावळ सांगतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावं त्यात घालून घेतात. त्यांची साक्ष कुलवृत्तांताहूनही वेगळी आणि उपाध्यायांहूनही वेगळी, म्हणून ती हवीच.

हे सगळं करूनही दोन्ही नावं उभीच राहिली, तर नव्या आवृत्तीत दोन्ही छापा. प्रत्येकाशेजारी ते कुठल्या वहीतून, कोणत्या शकातल्या नोंदीतून आलं आणि लिहिणारा कोण होता, हे द्या. आणि येत्या पितृपक्षात घरातली महालयाची यादी बाहेर निघेल तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूला शाईनं खोडलेली नावं असतील तर तीही वाचता येतील अशा उजेडात.