गालिच्याखालच्या रेघा

अमेरिकेतल्या एका जुन्या लष्करी तळावरचं लाकडी चॅपेल पाडायचं ठरलं होतं. त्याआधी मापं घेऊन आराखडे करणं, फोटो काढणं हे आमचं काम. त्याच धाटणीची तीन चॅपेलं मी आधी मोजली होती, त्यामुळे नवं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

१९४१ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करासाठी अशी ६०४ चॅपेलं मंजूर केली. पहिलं त्याच जुलैत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला उभं राहिलं. सक्तीच्या भरतीने छावणीत आलेल्या पोरांना आपल्या गावच्या चर्चची आठवण व्हावी, अशी पांढरी भिंत, उतरतं छप्पर, छोटा मनोरा. बांधकाम मात्र बराकींसारखंच घाईचं आणि तात्पुरतं.

दुपारी वेदीच्या चौथऱ्यावरचा कुजका गालिचा काढला. खाली नुसत्या फळ्या. आमच्यातल्या वयस्कर सुताराने टॉर्च जमिनीलगत आडवा धरला आणि ओरखडे उठून दिसले. एक-दोन नव्हे, जोडीजोडीने, भिंतीकडून पुढे आणि पुढून बाजूला.

वेदी सरकवल्याच्या खुणा होत्या त्या! एकाच दालनात कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू सैनिकांनी प्रार्थना करायची, म्हणून वेदी हलती ठेवलेली. हे मी कितीदा वाचलं होतं. पण शनिवार-रविवारी ती जड वस्तू कुणीतरी खरोखर ओढत होतं, हे बोटांना तेव्हाच कळलं. नंतर बसवलेल्या रंगीत काचांपेक्षा मला त्या खाचाच मोलाच्या वाटल्या.

युद्धकाळातल्या तात्पुरत्या इमारती पाडायचा आदेश १९८३ च्या कायद्याने दिला. पुढे १९८६ च्या करारात त्यांचं दस्तऐवजीकरण ठरलं, म्हणून अशा इमारतींच्या निदान नोंदी तरी उरल्या. मूळ नकाशे सगळीकडे सारखेच, त्यात ओरखडे कुठून असणार? सहकारी म्हणाला, "फळ्यांचे सांधे दाखव, पुरे." मला ते पटेना. दोऱ्या ताणून चौकटी आखल्या आणि एकेक खाच मापात कागदावर घेतली. गुडघे भरून आले.

अंधार पडला तेव्हा भिंतीलगतची एक जोडी राहिली होती. सुतार काही न बोलता पुन्हा टॉर्च आडवा धरून बसला.