नाहीतर

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून जर-तरची भाषा उडवून लावायची आपली रीत. मी मात्र पगार घेऊन दिवसभर आत्याबाईच्या मिशाच तपासत असतो. लॉगिन झालं असेल तर होम स्क्रीन, नसेल तर लॉगिनची. नेट असेल तर यादी मागवा, नसेल तर फोनमध्ये साठवलेली दाखवा. ॲप म्हणजे बरंचसं हेच.

कोडमधलं 'इफ', म्हणजे 'जर', लिहिताना हात भराभर चालतो, कारण त्यात सगळं मनासारखं घडत असतं. गोम 'एल्स'मध्ये. 'एल्स' म्हणजे आपलं 'नाहीतर'. लहानपणी मोठी माणसं 'गप्प बस, नाहीतर...' एवढंच म्हणून थांबत. पुढचं त्यांनीही ठरवलेलं नसावं, असा माझा जुना संशय आहे. माझ्या कोडचंही तेच.

एकदा फोटो काढायची सोय केली. अँड्रॉइड ६पासून, म्हणजे २०१५पासून, कॅमेऱ्यासारखी परवानगी ॲप चालू असतानाच विचारावी लागते. मी लिहिलं: परवानगी असेल तर कॅमेरा उघड. टेस्टरने 'नको' दाबलं. ॲप क्रॅश झालं नाही, चूक दाखवली नाही. बटण दाबलं जात होतं आणि काहीच होत नव्हतं. क्रॅश परवडला, निदान लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, काही सापडतं.

मग 'एल्स' लिहायला बसलो, तर त्या एका 'नाहीतर'च्या पोटात तीन निघाले. अजून विचारलंच नाही, एकदा नाही म्हणाले, आणि कायमचं नाही म्हणाले. अँड्रॉइड ११पासून दोनदा नकार दिला की सिस्टिम परवानगी विचारणारी चौकट पुन्हा दाखवतच नाही. त्यात 'कारण समजावून सांगू का?' असं सिस्टिमला विचारावं, तर ज्याला कधीच विचारलं नाही आणि ज्याने कायमचं नाकारलं, दोघांबद्दल ती एकच उत्तर देते: नको. आपण आधी विचारलं होतं का, याची नोंद आपणच ठेवायची.

मी ज्या भाषेत कोड लिहितो त्या कोटलिनमध्ये 'व्हेन', म्हणजे एकाच वेळी अनेक शक्यता तपासणारा 'जर', असतो. त्याच्याकडून उत्तर हवं असेल आणि एखादी शक्यता सुटली असेल, तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे त्याचं ॲपच बनत नाही. पण नुसतं काम करून घ्यायचं असेल, तर रिकामा 'एल्स' टाकून मोकळं होता येतं. मीही झालोय, कबूल.

शेवटी स्क्रीनवर मजकूर टाकला: 'फोटो काढायचा असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्या, नाहीतर'. तिथे थोडा वेळ थांबलो. मग 'नाहीतर' खोडलं आणि त्या जागी गॅलरीतून फोटो निवडायचं बटण दिलं.